सगळं हिरवं होतं



मागच्या महिन्यात हे सदर चुकलं. विचारणाऱ्यांना 'कामात होतो' एवढंच सांगितलं. खरं कारण आज सांगतो, कारण ते तुमच्याही उपयोगाचं आहे.

मी नेमकं काय काम करतो, हे आमच्या घरात अजून कुणाला नीट कळलेलं नाही. इंदूरमध्ये बसून संध्याकाळी साडेसहाला कामाला लागतो, कारण तेव्हा अमेरिकेत सकाळ होते. आई शेजारच्या काकूंना सांगते, "तो अमेरिकेतल्या ट्रकांवर लक्ष ठेवतो." तसं ते बरोबरच आहे. तिकडे माल पाठवणारा आणि ट्रक कंपनी यांच्यामध्ये बऱ्याचदा ब्रोकर असतो, म्हणजे आपला दलालच. अनोळखी ट्रक कंपनीच्या हाती माल देण्याआधी ती खरी आहे का, सुरक्षित आहे का, हे तपासणारं सॉफ्टवेअर आमची टीम लिहिते. या कामात मला चार वर्षं झाली.

माझ्या आतेभावाचा खाद्यतेलाचा व्यापार आहे. त्याला नागपूरला सोयाबीन तेलाचे ६०० डबे पाठवायचे होते. माल साधारण १२ लाखांचा. नेहमीच्या ट्रान्सपोर्टवाल्याकडे गाडी नव्हती, म्हणून एका नव्या दलालाने फोनवरच गाडी लावून दिली. दादाने मला कागदांचे फोटो पाठवले. "अरे, तुझं तर हेच काम आहे. जरा बघून सांग."

मी मीटिंगमध्ये होतो. एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकला. फिटनेस चालू, विमा चालू, पीयूसी चालू. दोन मिनिटांत उत्तर दिलं, "सगळं हिरवं आहे. भर माल."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नागपूरहून फोन आला की गाडी पोहोचली नाही. ड्रायव्हरचा फोन बंद, दलालाचाही बंद. रात्री आम्ही पोलीस ठाण्यात होतो. तो ट्रक आजवर सापडलेला नाही. मालाचा ट्रान्झिट विमाही काढलेला नव्हता.

कागद खोटे होते का? नाही, तेच तर दुखणं आहे. तो नंबर एका खऱ्या ट्रकचा होता, आणि तो ट्रक त्या दिवशी राजस्थानात उभा होता. त्याचा मालक पोलिसांच्या फोनने बिचारा घाबरून गेला. दादाच्या गोदामाला लागलेल्या गाडीवर फक्त त्या नंबरची पाटी होती. ५० हजारांवरच्या मालाला लागतं ते ई-वे बिलही बिनतक्रार निघालं, कारण नंबर खराच होता.

मी नंबर तपासला होता. समोर उभी असलेली गाडी त्याच नंबरची आहे का, हे तपासलंच नव्हतं. लाज वाटते ती याची, की हाच फरक मी ऑफिसात नव्याने येणाऱ्या मुलांना पहिल्या आठवड्यात शिकवतो.

अमेरिकेत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माल नेणाऱ्या ट्रक कंपनीला यूएसडॉट नंबर घ्यावा लागतो. एफएमसीएसए ही २००० साली सुरू झालेली केंद्रीय संस्था त्याची नोंद ठेवते. नंबर टाकला की कंपनीचा पत्ता, गाड्यांची संख्या, अपघात, तपासणीत जागीच थांबवलेल्या गाड्या, हे सगळं कुणालाही फुकट पाहता येतं. साधा माल भाड्याने नेणाऱ्या मोठ्या ट्रकांना किमान साडेसात लाख डॉलरचा दायित्व विमा लागतो. सलग १० तास विश्रांती घेतल्यावर पुढच्या १४ तासांच्या आत ड्रायव्हरने जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवायची. डिसेंबर २०१७ पासून बहुतेकांना हे तास इलेक्ट्रॉनिक यंत्रावर नोंदवावे लागतात.

एवढी व्यवस्था असूनही चोरी होते, कारण चोर स्वतःची कंपनी काढायच्या भानगडीत पडतच नाही. तो चांगल्या कंपनीचा नंबर वापरतो. ईमेलच्या पत्त्यात एखादं अक्षर बदललेलं, फोन मात्र त्याचा स्वतःचा. त्या नावावर माल उचलतो आणि तिसऱ्याच प्रामाणिक ट्रकवाल्याला पुढे देतो. याला डबल ब्रोकरिंग म्हणतात. अशा वेळी माल पोहोचला तरी पैसे चोराच्या खिशात जातात आणि रात्रभर गाडी चालवणाऱ्याला छदामही मिळत नाही. कधी मालच भलतीकडे जातो. नोव्हेंबर २०२४ मध्ये टीव्हीवरचा प्रसिद्ध शेफ गाय फिएरी याच्या टकीलाचे दोन ट्रक असेच पळवले गेले. त्यात २४ हजारांहून जास्त बाटल्या होत्या.

प्रश्न फक्त पैशांचा असता तरी एक वेळ चाललं असतं. ऑगस्ट २००८ मध्ये टेक्सासमधल्या शर्मनजवळ एक बस पुलावरून कोसळली आणि १७ प्रवासी गेले. तपासात निघालं, की बसमालकाची आधीची कंपनी सुरक्षेच्या कारणावरून सरकारने बंद केली होती आणि तो नव्या नावाने तोच धंदा चालवत होता. अशा कंपन्यांना तिकडे 'रंग बदलणारे सरडे' म्हणतात. ट्रकांच्या धंद्यातही ते आहेत. नाव बदललं तरी पत्ता, फोन आणि गाड्या बऱ्याचदा जुन्याच असतात. आमचं सॉफ्टवेअर हेच धागे जुळवून बघतं.

पण आमचा सगळ्यात उपयोगी नियम अगदी साधा आहे. समोरच्याने दिलेल्या नंबरवर फोन करून त्याचीच खात्री करायची नाही. सरकारी नोंदीतला फोन आपण शोधायचा आणि तिथे विचारायचं. नोंदीतला तो फोनही नुकताच बदललेला असेल, तर माल द्यायचा नाही.

त्या रात्री पोलीस ठाण्यातून परतल्यावर दादा आणि मी गोदामात बसलो आणि काय दिसायला हवं होतं ते लिहून काढलं. भाडं बाजारापेक्षा कमी होतं आणि दलालाने घासाघीसही केली नव्हती. अ‍ॅडव्हान्स गाडीमालकाच्या नव्हे, भलत्याच नावाच्या खात्यात गेला होता. त्यावरून चार नियम ठरले. आरसीचा फोटो चालणार नाही, मोबाईलवरची डिजिटल आरसी उघडून दाखवायची. तिच्यावरचा चेसिस नंबर गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या नंबरशी स्वतः ताडून बघायचा. पैसे आरसीवर नाव असलेल्या मालकाच्याच खात्यात टाकायचे. आणि ट्रान्झिट विम्याशिवाय गाडी गोदामाबाहेर काढायची नाही.

तुम्ही म्हणाल, आमच्या घरी कुठे ट्रक लागतात? पण नोकरीसाठी पुण्या-बंगळुरूला घर हलवताना फ्रिजपासून देवघरापर्यंत सगळं आपण अशाच फोनवरच्या अनोळखी माणसाच्या ट्रकमध्ये भरतो. २००७ च्या कॅरेज बाय रोड कायद्यानुसार अनेकांचा माल भाड्याने नेणाऱ्याला नोंदणी लागते. तो नोंदणी क्रमांक आधी मागा. आणि सामान चढवण्यापूर्वी खाली उतरून गाडी बघा.

दादा मला एका शब्दानेही बोलला नाही. आत्या तर उलट म्हणाली, "तू तरी काय करणार होतास?" करण्यासारखं पुष्कळ होतं, हे मला माहीत होतं म्हणून ते जास्त लागलं. ती १२ लाखांची खोट दादा अजून भरून काढतोय.

गेल्या आठवड्यात त्याने पुन्हा कागद पाठवले. अ‍ॅपवर सगळं हिरवं होतं. मी विचारलं, "गाडीपाशी उभा आहेस का? चेसिसचा फोटो पाठव." दहा मिनिटांनी फोटो आला. ड्रायव्हरने फडक्याने चिखल पुसला होता आणि त्याचा हात कोपऱ्यात दिसत होता. एकेक अंक बोट ठेवून वाचला. सगळे जुळले.

मग लिहिलं, "भर माल."