चाललीच नाही, तरी पास

आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेला मंडलातून एका वाचकाचे पत्र आले आहे. चार पाने पत्र आणि सोबत एका चाचणी-अहवालाचा पूर्ण लॉग. हे गृहस्थ पैनगंगेकाठच्या जिनिंगांमध्ये वजनकाट्यावरचे संगणक सांभाळतात. गेल्या हंगामात एका संध्याकाळी कापसाची गाडी काट्यावर चढली, वजन झाले, आर्द्रता मोजली, ऑपरेटरने नोंद केली आणि पावती छापायच्या आत लाइन गेली. यूपीएसनेही दम तोडला. लाइन आली ती सकाळीच. संगणक सुरू झाला, ईएक्सटी-४ने जर्नल रिप्ले केले, डिस्क माउंट झाली, कुठेही एरर नाही. त्या गाडीच्या दोन्ही फायली जागेवर होत्या आणि दोन्ही शून्य बाइटच्या होत्या.

सर्व्हर रूममध्ये वावरणाऱ्यांना यातले नुकसान चटकन कळणार नाही, म्हणून सांगतो. हमीभावाच्या खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत आर्द्रतेला पूर्ण भाव मिळतो, त्यापुढे टक्क्यागणिक भाव कापला जातो आणि १२च्या वर गेली की माल घेतच नाहीत. हंगामातल्या रात्री उघड्या गाडीवर दव पडते. संध्याकाळचा आकडा ऑपरेटरच्या लक्षात होता, शेतकऱ्याच्याही लक्षात होता, पण कागदावर कुठेच नव्हता. पुन्हा मोजले तेव्हा टक्का वाढलेला निघाला. आमच्या वाचकाने लिहिले आहे की तो माणूस भांडला नाही, नुसता काट्याच्या लोखंडी कडेला बसून राहिला.

तांत्रिक कारण आपल्याला नवे नाही. प्रोग्रामने फाइल लिहिली, बंद केली, पण एफसिंक केलेच नव्हते. डिलेड अॅलोकेशनमुळे डेटा अजून मेमरीतच होता. २००९मध्ये ईएक्सटी-४ नवे असताना याच कारणाने लोकांच्या सेटिंगच्या फायली रिकाम्या झाल्या होत्या आणि कर्नल २.६.३०मध्ये त्यावर तोड आली. ती तोड जुनी फाइल रिनेम करून किंवा ट्रंकेट करून बदलणाऱ्यांसाठी आहे. प्रत्येक गाडीला नव्या नावाची नवी फाइल करणाऱ्याला तिचा काही उपयोग नाही. प्रोग्रामरची चूक झाली, चुका होतात. आम्हाला लिहायचे आहे ते वेगळ्याच गोष्टीवर. ही चूक पकडणारी चाचणी काट्याच्या प्रोग्रामच्या पुरवठादाराकडे लिहून तयार होती, अहवालात तिचे नाव होते आणि अहवालाची शेवटची ओळ होती : सर्व ४१ चाचण्या पास.

लॉग आम्ही ओळ न् ओळ वाचला. पुरवठादाराने एफएसटेस्ट्स या फाइलसिस्टिम-चाचण्यांच्या संचाचा कॉमन फोल्डर जसाच्या तसा उचलून त्यावर आपल्या चाचण्या बसवल्या आहेत. यात गैर काहीच नाही, उलट शहाणपण आहे. वीज जाण्याची नक्कल करणाऱ्या ९ चाचण्या डीएम-फ्लेकीवर आहेत : पावती लिहायची, फ्लेकीला पुढचे राइट टाकून द्यायला सांगायचे, पुन्हा माउंट करून पावती वाचायची. ज्या यंत्रावर तपासणी झाली त्याच्या काटछाट केलेल्या कर्नलमध्ये डीएम-फ्लेकीचे मॉड्यूलच नव्हते. 'रिक्वायर डीएम टार्गेट' या हेल्परने आपले काम चोख केले. 'या चाचणीला डीएम फ्लेकी लागते' असे नोंदवून त्याने नॉटरन केले आणि बाहेर पडला. असे नऊ वेळा झाले. ज्या नऊ चाचण्यांसाठी हा सगळा खटाटोप होता, नेमक्या त्याच चालल्या नाहीत.

आता शेवटची ओळ पाहा. नॉटरन हेल्पर स्टेटस शून्य करून बाहेर पडतो, कारण न चाललेली चाचणी हे अपयश नव्हे. तोवर ठीक. पण सारांश छापताना चेक स्क्रिप्ट न चाललेल्या चाचण्याही 'रॅन'च्या एकूण संख्येत मोजते. एकच चाचणी द्या आणि ती न चालू द्या. पडद्यावर तीन ओळी येतात : रॅन, तिचे नाव. नॉट रन, तिचेच नाव. आणि खाली, पास्ड ऑल १ टेस्ट्स. आपल्यापैकी बहुतेकांनी हे शेकडो वेळा पाहिले आहे. डेव्हलपरला यात अडचण नसते, तो मधली ओळ वाचतो. पण आता ही शेवटची ओळ कापून अहवालात चिकटवली जाते आणि तिच्यावर सह्या होतात, शिक्के पडतात.

शिक्क्यांचाही अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका खरेदीच्या तपासणीला आम्ही स्वतः बसलो होतो. नमुना-पत्रकात प्रत्येक चाचणीपुढे दोन रकाने होते, उत्तीर्ण आणि अनुत्तीर्ण. सहा चाचण्या त्या यंत्रावर चालूच शकत नव्हत्या, म्हणून आम्ही दोन्ही रकाने मोकळे ठेवले आणि खाली कारण लिहिले. पत्रक परत आले, लाल शाईत शेरा : रकाना रिकामा ठेवू नये. आम्ही तिसरा रकाना आखून पाठवले. तेही परत आले, मंजूर नमुन्यात बदल करता येणार नाही म्हणून. अनुत्तीर्ण लिहिले असते तर यंत्र नाकारले गेले असते, आणि ते यंत्राच्या बाबतीत खोटे ठरले असते. शेवटी आमच्यानंतर आलेल्या कोणीतरी सहाही ठिकाणी उत्तीर्ण लिहिले आणि फाइल पुढे सरकली. एक उभी रेघ आखायची होती. ती आखण्याचा अधिकार नेमका कोणाचा, हे त्या इमारतीत आम्हाला शेवटपर्यंत कोणी सांगू शकले नाही. खरेदीची पत्रके करणाऱ्या प्रत्येक कार्यालयाला आमची मागणी आहे की 'चाचणी झाली नाही' असा तिसरा रकाना घाला आणि त्यापुढे कारण लिहिणे सक्तीचे करा. यासाठी समिती नेमायची गरज नाही.

पण अधिकाऱ्यांवर बोट ठेवून आपली सुटका होत नाही. दोन रकान्यांचा फॉर्म त्यांचा, हेल्पर आपले. हेल्परची देखभाल हे आपल्याकडे अजूनही नवख्याच्या गळ्यात मारायचे काम आहे. फाइलसिस्टिमचा पॅच लिहिणाऱ्याचे नाव होते, कॉमन फोल्डरमधला फिल्टर नीट करणाऱ्याला कोणी विचारत नाही. एफएसटेस्ट्स मुळात एसजीआयमध्ये एक्सएफएससाठी सुरू झाले, आज एकट्या जेनेरिक विभागात सातशेहून जास्त चाचण्या आहेत आणि त्यातली प्रत्येक कॉमनमधल्या त्याच मोजक्या फायलींवर उभी आहे. तिथे एक चूक झाली की ती शेकडो निकालांत उतरते, आणि बहुधा अपयशाच्या रूपात उतरत नाही. गुपचूप पास होते.

एक्झिटचेच घ्या. चाचणी सुरू होताना स्टेटस १ असतो आणि ट्रॅप बाहेर पडताना तोच स्टेटस परत करतो. त्यामुळे हेल्परच्या पोटात कोणी एक्झिट शून्य लिहिले तरी चाचणी नापास होते, आणि स्टेटस शून्य झाल्यावर कोणी एक्झिट १ लिहिले तरी ती पास होते. लिहिणाऱ्याला वाटते आपण आकडा दिला, प्रत्यक्षात तो आकडा कोणी वाचतच नाही. २०२५मध्ये निर्झर रॉय यांनी अंडरस्कोर-एक्झिट नावाचा छोटा रॅपर आणला. तो आधी स्टेटस लावतो, मग बाहेर पडतो. कॉमनमधले सुटे एक्झिट त्यांनी एकेक करून त्यावर नेले. चार-पाच ओळींचे फंक्शन आणि त्यामागे कित्येक फायलींची कंटाळवाणी चाळणी. त्याआधी दहा वर्षे, २०१५मध्ये, चंदन राजेंद्र यांनी चाचण्यांच्या आउटपुटचे फिल्टर ब्लॉकच्या एककात आणले होते, कारण ४ केबी ब्लॉक गृहीत धरलेले गोल्डन आउटपुट ६४ केबीच्या यंत्रांवर निष्कारण नापास होत होते. ही दोन्ही कामे आमच्या मते कोणत्याही नव्या फीचरच्या तोडीची आहेत.

तुमच्या-आमच्या स्क्रिप्टमध्ये काय आढळते? आमच्याकडे गेल्या वर्षात तपासायला आलेल्या जवळजवळ प्रत्येक संचात तीन गोष्टी सापडल्या. लोकल जाहीर करताना त्याच ओळीत कमांडचे उत्तर भरायचे. कमांड पडली तरी लोकल यशस्वी होतो आणि डॉलर-प्रश्नचिन्ह शून्य दाखवते. दोन ओळी करा, संपले. दुसरी, एमकेएफएसचे आउटपुट लॉगमध्ये ढकलून तिचा निकाल न पाहताच पुढे जायचे. पार्टिशनवर मागच्या चाचणीची फाइलसिस्टिम असते, ती माउंट होते आणि चाचणी भलत्याच रचनेवर पास होते. एक्सएफएसचा हेल्पर तर एमकेएफएस पडल्यास तुमचे पर्याय वगळून फक्त चाचणीच्या पर्यायांनी पुन्हा प्रयत्न करतो. तसे तो लॉगमध्ये लिहितोही, पण तो लॉग उघडतो कोण? तिसरी सर्वांत वाईट : नॉटरन किंवा फेल हे हेल्पर डॉलर-कंसाच्या आत किंवा पाइपच्या डाव्या बाजूला बोलवायचे. तिथला एक्झिट फक्त सबशेल संपवतो. चाचणी आपण चाललो नाही किंवा नापास झालो असे जाहीर करून तशीच पुढे चालत राहते.

पुण्यात स्टोरेजचे काम १९९०च्या दशकापासून चालू आहे. तिथल्या अनुभवी मंडळींना हे सगळे ठाऊक आहे, पण ते बाहेर सांगायला आणि लिहायला पुढे येत नाहीत याची आम्हाला खंत आहे. जिल्ह्याच्या गावी एकटा बसून काट्याचे, दवाखान्याचे, पतपेढीचे संगणक सांभाळणाऱ्याने हे कोणाकडून शिकायचे?

दुसरी बाजूही नोंदवतो, कारण काही वाचक लगेच दुसऱ्या टोकाला जातील. प्रत्येक नॉटरन संशयास्पद नसते. ईएक्सटी-४वर रिफ्लिंकची चाचणी चालणार नाही आणि चालूही नये. नॉटरनला सरसकट नापास ठरवले तर महिनाभरात लोक रिक्वायरचे हेल्परच काढून टाकतील आणि अहवाल आणखी निरुपयोगी होईल. प्रश्न एवढाच आहे की कोणती चाचणी का चालली नाही हे आधी ठरले होते की नंतर आढळले.

यावर उपाय दहा मिनिटांचा आहे. प्रत्येक रचनेसाठी 'अपेक्षित नॉटरन' अशी साधी मजकूर-फाइल करा. एका ओळीत एका चाचणीचे नाव, आणि कमिट संदेशात कारण. ती गिटमध्ये ठेवा. चाचण्या संपल्या की रिझल्ट्स फोल्डरमधल्या डॉट-नॉटरन फायलींची नावे गोळा करा, सॉर्ट करा आणि कॉम कमांडने अपेक्षित यादीशी ताडून पाहा. यादीबाहेरचे एकही नाव निघाले तर संपूर्ण रन नापास. यादीत असूनही चाललेली चाचणी निघाली तर यादी सुधारा. दोन पथ्ये पाळा. रन सुरू करण्यापूर्वी रिझल्ट्स फोल्डर रिकामा करा, कारण या वेळी न घेतलेल्या चाचणीची जुनी नॉटरन फाइल तशीच पडून राहते. आणि एलसी-ऑल सी ठेवूनच सॉर्ट करा. एफएसटेस्ट्स स्वतः तो लावते, पण तुमची बाहेरची स्क्रिप्ट लावत नाही आणि दोन यंत्रांवर सॉर्टचा क्रम वेगळा निघाला की कॉम चक्क खोटी नावे दाखवतो.

यंत्र ज्या कर्नलवर चालणार, चाचणी त्याच कर्नलवर घ्या, हे वेगळे सांगायला नको होते. डिसेंबर २०२३मध्ये डेबियनला १२.३चे प्रकाशन ऐन वेळी थांबवावे लागले, कारण ६.१.६४ कर्नलमध्ये आलेल्या एका बॅकपोर्टने ईएक्सटी-४वरचा डेटा बिघडत होता. मूळ पॅच बरोबर होता, ज्या पॅचवर तो अवलंबून होता तो जुन्या शाखेत आलाच नव्हता. मुख्य शाखेवर चाचण्या पास झाल्या म्हणून जुनी शाखा सुरक्षित ठरत नाही. डीएम-फ्लेकी नसलेला काटछाट केलेला कर्नलच द्यायचा असेल, तर चाचणीपुरते ते मॉड्यूल बांधून सोबत द्या, बाकीची मांडणी हलवू नका.

बेल्याच्या वाचकाने पुरवठादाराला लॉग दाखवला तेव्हा उत्तर मिळाले की अहवाल नियमाप्रमाणे आहे. त्यांनी मग स्वतः एका जुन्या लॅपटॉपवर मॉड्यूल बांधले आणि त्या ९ चाचण्या चालवल्या. ७ नापास झाल्या. एफसिंक घातलेली आवृत्ती त्यांच्या हाती यायला पाच आठवडे लागले. तोवर ते रोज संध्याकाळी काट्यावर जाऊन प्रत्येक गाडीनंतर हाताने सिंक चालवत होते.

येत्या हंगामात कापूस यार्डात यायला लागण्यापूर्वी आमची प्रत्येक वर्गणीदाराला विनंती आहे. तुमच्या ताब्यातल्या यंत्रांचा शेवटचा लॉग आजच उघडा. नॉट रनची ओळ शोधा. तिथली नावे आणि त्यांची कारणे आम्हाला पाठवा, पुरवठादाराचे किंवा ग्राहकाचे नाव न लिहिता. पुढच्या अंकाची आठ पाने त्यासाठी राखून ठेवली आहेत. डीएम-फ्लेकी नसल्याने सुटलेल्या चाचण्यांची यादी सगळ्यात आधी छापू.