तारप्यामागची माणसं

मुंबईत समकालीन नृत्याच्या प्रयोगाला गेलं की दारातच एक पत्रक हातात पडतं. नृत्यरचना कोणाची, प्रकाशयोजना कोणाची, संगीत कोणी दिलं, तालमीला जागा कोणाची, पैसे कोणी उभे केले, सगळं त्यात असतं. तोच प्रेक्षक एखाद्या सरकारी सोहळ्यात तारपा नाच पाहतो तेव्हा निवेदक 'पालघर जिल्ह्यातील आदिवासी नृत्य' एवढंच सांगतो आणि पुढच्या पथकाकडे वळतो. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरून आलेल्या त्या फेऱ्यामागे राबलेल्या माणसांचा उल्लेखही होत नाही.

खरं तर या नाचाची तयारी वेलापासून सुरू होते. तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्याला लागतो तो वाळलेला दुधी भोपळा. पावसाळ्यात वेल लावणारा, त्यातलं नेमकं फळ भाजीला न तोडता वेलावरच जून होऊ देणारा आणि मग ते कोरून सुकवणारा माणूस हा या नाचाचा पहिला भागीदार. भोपळ्यात बांबूच्या दोन नळ्या बसतात, त्यांच्या तोंडाशी थरथरणारी बांबूचीच पातळ पट्टी असते, पुढे ताडाच्या पानांचा लांब कर्णा गुंडाळला जातो आणि सगळे सांधे मेणाने बुजवले जातात. कुठे फट राहिली तर सूर फुटतो. एवढं नाजूक काम करणाऱ्याला आपण कारागीरही म्हणत नाही, ही गोष्ट बोचणारी आहे.

मग वाजवणारा. बासरीवाला श्वास घ्यायला थांबू शकतो, तारपावाल्याला ती मुभा नाही. गालात हवा साठवून, नाकाने श्वास घेत तो सूर अखंड ठेवतो, कारण सूर तुटला तर पावलं अडखळतात. तारप्यावरच्या सुरावटीला चाळा म्हणतात. चाळा बदलला की पावलं बदलतात. एकमेकांच्या कमरेला हात घालून स्त्री-पुरुष त्याच्याभोवती फिरतात आणि त्यांच्यातला एक जण घुंगरू लावलेली काठी जमिनीवर आपटत ठेका धरतो. या काठीवाल्याकडे प्रेक्षकांचं सहसा लक्षच जात नाही. पण फेरा कधी आवळायचा, कधी सोडायचा, हे बरंचसं त्याच्या हातात असतं. आधुनिक रंगमंचाच्या भाषेत बोलायचं तर नृत्यदिग्दर्शनातला मोठा वाटा त्याचा आहे.

जगाने हा फेरा पाहिला तो आधी चित्रात. तलासरी तालुक्यातल्या धामणगावात जन्मलेले आणि डहाणूच्या गंजाडजवळ कळंबीपाड्यावर राहिलेले जिव्या सोमा मशे यांनी तारप्याभोवतीचं ते वेटोळं कागदावर आणलं. त्याआधी वारली चित्रं म्हणजे लग्नघरात सवासिनींनी लिहिलेला चौक. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी हस्तकला मंडळाच्या कामासाठी या भागात आले, त्यांनी कागद आणि रंग पुरवले. १९७५ साली केकू गांधींच्या मुंबईतल्या केमोल्ड गॅलरीत मशे यांचं प्रदर्शन भरलं. पुढे यशोधरा दालमिया यांनी वारलींच्या चित्रविश्वावर पुस्तक लिहिलं. २०११ साली मशे यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते गेले. त्यांची प्रतिभा तर अस्सल होतीच, पण तिला पाठबळ देणारे कोण होते हेही आज नावानिशी सांगता येतं. ज्या नाचावरून ती चित्रं निघाली त्याच्या बाबतीत मात्र अशी नोंद फार थोडी सापडते.

आता एक नाव तरी सर्वदूर पोचलं आहे. शेजारच्या जव्हार तालुक्यातल्या वाळवंडाचे भिकल्या लाडक्या धिंडा स्वतः तारपा बनवतात आणि वाजवतात. नव्वदी ओलांडलेल्या या कलावंताला २०२६ साली पद्मश्री जाहीर झाली. आनंद आहेच. तरी एवढ्या मोठ्या मुलखातून एकच नाव ओठांवर यावं, याने समाधान होत नाही.

सोबत्यांची दखल कशी घ्यायची याचं उत्तम उदाहरण अस्ताद देबू यांनी घालून दिलं. नवसारीत जन्मलेल्या या समकालीन नर्तकाने मणिपूरच्या पुंगवादकांबरोबर, चेन्नईच्या क्लार्क स्कूलमधल्या कर्णबधिर मुलींबरोबर आणि सलाम बालक ट्रस्टच्या मुलांबरोबर प्रयोग केले. त्यांच्या त्या प्रयोगांबद्दल बोलताना आजही या सहकाऱ्यांचा उल्लेख टाळता येत नाही.

तारप्याला पाठबळ देणारे आणखी काही जण आहेत: त्याला रस्त्यावर आणणारे लोक. हा मुलूख १९४५च्या वारली उठावाचा, गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो'मध्ये लिहून ठेवलेला. मार्च २०१८मध्ये नाशिकहून मुंबईला निघालेल्या शेतकऱ्यांच्या पदयात्रेतही तारपा वाजत होता. दिवसभर चालून थकलेल्यांनी संध्याकाळी त्यावर फेर धरला. तिथे कोणी मानधन दिलं नव्हतं की मंच बांधला नव्हता.

मंचावर मात्र हिशेब वेगळा हवा. पूर्वी तारपा निघायचा तो भात पिकल्यावर, दिवाळीच्या आसपास. आता ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनाच्या मिरवणुकांतही तो हवाच असतो. ऐन पावसात नवा भोपळा कुठून येणार? म्हणजे मागच्या हंगामाचा तारपा कोणीतरी वर्षभर घरात उंदीर-वाळवीपासून, ओलीपासून जपलेला असतो. आयोजकांनी पथकाला मानधन देताना तारपा बनवणाऱ्याचा वाटा वेगळा काढावा. पत्रकावर वाजवणारा, काठीवाला, बनवणारा, नाचणारे आणि त्यांचा पाडा ही सगळी नावं छापावीत. जिल्हा प्रशासनाने तालुक्यागणिक वादकांची आणि त्यांना येणाऱ्या चाळ्यांची ध्वनिमुद्रणासह नोंद करावी. सुरुवात डहाणू आणि तलासरीपासून करायला हरकत नाही, आणि ती येत्या भातकापणीच्या हंगामातच व्हावी, कारण जुने वादक थकत चालले आहेत.