आजोबांची फियाट आणि अंदाजपत्रक

पालघर-बोईसरच्या एखाद्या पेढीच्या आवारात आजोबांची जुनी फियाट उभी असेल, तर तिच्या सीटा नव्याने मढविताना केवळ रेक्झिनचा भाव विचारून थांबू नये. तारापूरकडच्या खाऱ्या, दमट हवेत आतील स्प्रिंगा गंजतात. खरा खर्च जुने आवरण उसविल्यावरच कळतो. म्हणून आधी एक सीट उघडावी, मगच लेखी अंदाज घ्यावा. स्प्रिंगा, फोम, छताचे अस्तर, मॅटिंग व मजुरी निरनिराळी मांडावी. पाचवा हिस्सा राखीव ठेवावा. ५० वर्षांवरील गाडीची २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी करावयाची असल्यास २०,००० रुपये शुल्कही हिशेबात धरावे. कारागीर चामडे सुचवील. अहिंसा पाळणाऱ्या घराने तो रकाना वगळावा. चांगल्या रेक्झिनने गाडीची शोभा उणावत नाही.