सूर्याचा सातबारा कुणाच्या नावावर?

रात्रपाळी सुटली की गिरणीच्या छपरावर सोलरच्या पाट्या चमकताना दिसतात. कापसाची पूड छातीत तशीच, पगार तसाच. मालक मात्र सांगतो, आपली वीज आता स्वच्छ. पाट्यांवरची धूळ पुसायला ठेकेदारानं माणसं आणली. आडनावं विचारली, सगळी आपलीच. झाडू गेला, वायपर आला.

दोस्तांनो, मी सौरऊर्जेच्या विरोधात नाही. 1942 ते 46 बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात होते, तेव्हा मजूर खात्याबरोबर विजेचं कामही त्यांच्याकडंच होतं. वीज सरकारच्या मालकीची की खाजगी, हा प्रश्न त्यांनी 1943 सालीच टेबलावर ठेवला. 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये तर शेती आणि मूलभूत उद्योग दोन्ही राज्याच्या मालकीचे मागितले. आपले पुढारी ते पान उलटत नाहीत. सोलरच्या उद्घाटनाला नारळ फोडायला मात्र पुढं.

आता मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना बघा, 2023 ची 2.0 वाली. शेतीपंपाला दिवसा वीज द्यायची. चांगलंच हाय, रात्री पाणी धरायला गेलेला माणूस साप चावून मरतो हे काय खोटं नाही. पण पंप कुणाचा? ज्याची विहीर त्याचा. भूमिहीनाला कसला पंप! पाट्या मात्र लागणार सबस्टेशनच्या आसपास, आणि तिथं सरकारला आधी दिसतं गायरान. खाजगी जमीनवाल्याला हेक्टरी वर्षाला 1,25,000 रुपये भाडं. सरकारी जमीन कंपनीला वर्षाला 1 रुपया नाममात्र. एक रुपया! असल्याच जमिनींसाठी दादासाहेब गायकवाडांच्या मागं भूमिहीनांनी 1959 आणि 1964 ला तुरुंग भरले होते.

माझ्या आजीनं गायरानात तीस वर्षं ज्वारी काढली. दगड वेचले, बांध घातला. मोजणीवाले आले नि म्हणाले, म्हातारे, कागद दाखव. तिच्याकडं कागद एकच, अतिक्रमणाच्या दंडाची पावती. लाजून तिनं ती दाखवलीच नाही. दंड भरला म्हंजे आपण चोर, असं तिला वाटलं. ती पावतीच कसल्याचा पुरावा होती, हे मला फार उशिरा कळलं. 14 एप्रिल 1990 पर्यंत गायरान कसणाऱ्या दलित-आदिवासींच्या नावावर जमीन करायचा सरकारी निर्णय 1991 चा आहे. किती वस्त्यांना ठाऊक आहे?

पाट्या लागू देत. पण कसणाराच्या नावावर जमीन आधी, भाडं त्याला, आणि पोरांना वायपर नको, वायरमनचं काम पाहिजे. ग्रामपंचायतीला वर्षाला 5 लाख, असं तीन वर्षं मिळणार म्हणतात. त्यातलं वस्तीपर्यंत किती येतं ते मागच्या निधीवरून ओळखा.

तेव्हा मोर्चाचा बोर्ड नंतर रंगवा. मोजणीची तारीख पडायच्या आत तलाठ्याकडनं गाव नमुना 1-ई ची नक्कल काढा, त्यात कसणाराची नोंद असते. आणि आज्यांच्या ट्रंका उघडा. पावत्या असतील, उंदरांनी खायच्या आत बाहेर काढा.

जयभीम.