पुळणीवरचे हळवेपण

गणपतीपुळ्याच्या किनाऱ्याविषयी लिहावयाचे म्हटले की मराठी लेखकाच्या लेखणीला हुंदका फुटतो. 'पूर्वीचे पुळे आता राहिले नाही' हे त्या लेखनाचे ठरलेले पालुपद. निर्मनुष्य पुळण, माडांची सळसळ, घरगुती खानावळीतले उकडीचे मोदक यांची आठवण निघते आणि अखेरीस गर्दीच्या नावाने एक दीर्घ उसासा. हा उसासा आम्हांला अप्रामाणिक वाटतो. असे म्हणण्याचा अधिकार आम्हांला आहे, कारण आम्हीही तो टाकलेला आहे.

२००१ साली एम. ए.च्या वर्गाबरोबर आम्ही दोघे प्रथम तेथे गेलो. निवळी फाट्यावरून वळलेली एस. टी., पश्चिमाभिमुख स्वयंभू गणपती, देवालयामागच्या डोंगरालाच घातलेली प्रदक्षिणा आणि मग संध्याकाळपर्यंत समुद्र. २०२४ साली आमच्याच विद्यार्थ्यांना घेऊन आरे-वारेच्या किनारी रस्त्याने पुन्हा गेलो. वाहनतळ भरलेला, वाळूत उंट आणि घोडागाड्या, लाटांवर पाण्याच्या स्कूटरी. आमच्यापैकी एकाच्या तोंडून निघून गेलेच, 'काय होते आणि काय झाले!' विद्यार्थी मात्र आनंदात होते. ज्या पुळ्याचा आम्ही शोक करत होतो, ते त्यांनी पाहिलेलेच नव्हते.

परतताना हिशेब मांडला, तेव्हा जी गोष्ट आमच्या स्मरणातून सोयीस्करपणे गळली होती ती वर आली. पुळ्यापासून जेमतेम दीड-दोन किलोमीटरवर मालगुंड. केशवसुतांचे जन्मगाव. कोकण मराठी साहित्य परिषदेने उभारलेले त्यांचे स्मारक १९९४ पासून तेथे आहे. जुन्या वळणाचे ते घर आहे, दगडांवर कोरलेल्या कविता आहेत. २००१ च्या त्या सहलीत समुद्राला आम्ही चार तास दिले आणि केशवसुतांना वीस मिनिटे. मराठीचे विद्यार्थी असून! तेव्हाचा किनारा 'निर्मळ' होता म्हणतात. पण त्या निर्मळ किनाऱ्यावरूनही आम्ही कवितेकडे पाठ फिरवूनच उभे होतो. मग आजच्या पर्यटकाने मालगुंडची पाटी न वाचता गाडी पुढे हाकली, तर त्याला बोल लावणारे आम्ही कोण?

यातली विसंगती केवळ वैयक्तिक नाही. 'तुतारी' ही १८९३ ची कविता. जुन्याला कवटाळून बसणाऱ्यांना खडसावणारा तो कवी, आणि त्याच्याच गावाच्या वेशीवर बसून आम्ही मराठीचे अध्यापक जुन्या किनाऱ्यासाठी गळा काढतो. शिवाय, ज्या गर्दीने आमचे सौंदर्यस्वप्न मोडले, त्याच गर्दीवर तेथील खानावळवाले, घरोघरी खोल्या देणारे, कोकम नि आंबापोळी विकणाऱ्या बाया यांची चूल पेटते. आमच्या आठवणींसाठी त्यांनी निर्मनुष्य राहावे, ही अपेक्षा रसिकतेची नव्हे, मालकीची आहे.

कोणी म्हणेल, मग किनाऱ्यावरचा कचरा, बेफिकीर बांधकामे, बुडून जाणारे जीव यांबद्दल बोलूच नये काय? अवश्य बोलावे. पण ते नागरी प्रश्न आहेत. त्यांना सांडपाण्याची व्यवस्था हवी, जीवरक्षक हवेत, नियमांची अंमलबजावणी हवी. आणि ही मागणी रोखठोक गद्यात करावी लागते. ललित उसाशाने कचरा हटत नाही. उलट, हळहळ व्यक्त केली की कर्तव्य पार पडल्याचे समाधान तेवढे मिळते.

त्या दिवशी मालगुंडच्या घरात आमच्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, हे एकोणचाळिसाव्या वर्षी हुबळीत गेले. हयातीत कवितांचे एकही पुस्तक निघाले नाही. मग आपण आधुनिक मराठी कवितेचे जनक आहोत, हे त्यांना कोणी सांगितले होते का?"

आम्ही निरुत्तर झालो. 'जनक' हा शब्द वर्षानुवर्षे आम्हीच फळ्यावर लिहीत आलो आहोत. पाच गुणांच्या टिपेत तो बसतो. त्या शब्दाआड गावोगाव नोकरीसाठी हिंडलेला, परप्रांती प्लेगला बळी पडलेला एक गरीब शिक्षक झाकला जातो, हे त्या मुलीने दीड तासात ओळखले. आम्हांला दोन तपे लागली. पर्यटकाने किनाऱ्याचे जे केले, तेच आम्ही कवितेचे केले आहे. छायाचित्र काढावे आणि पुढे निघावे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. महाविद्यालयांतून फलक लागले, पेढे वाटले गेले. आनंदच आहे. परंतु मराठीच्या वर्गातली रिकामी बाके त्या पेढ्यांनी भरत नाहीत, आणि ती का रिकामी आहेत या प्रश्नाचे निदान एक उत्तर आमच्या टिपांच्या वह्यांत आहे.

पुढच्या सहलीचा क्रम आम्ही बदलला आहे. आधी मालगुंड, मग समुद्र. नैर्ऋत्येकडच्या वाऱ्याला उद्देशून केशवसुतांनी लिहिलेली कविता त्याच वाऱ्यात, उंटांच्या घुंगरांत आणि स्कूटरींच्या घरघरीत मोठ्याने वाचावयाची. ऐकू न आल्यास आवाज चढवावा लागेल. तुतारीच्या कवीला ते गैर वाटणार नाही.