बांधाची राखण आणि वर्दीची शिस्त

भोकर तालुक्यात साठविलेले पाणी हे शेतीचे मोठे भांडवल आहे. रेणापूर येथील सुधा प्रकल्प आणि ठिकठिकाणचे पाझर तलाव ते सांभाळतात. परंतु मातीचा बांध एकदा घातला म्हणजे तो आपोआप टिकतो, ही समजूत घातक होय.

२ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे धरण फुटून वीसजणांच्या आसपास माणसे प्राणास मुकली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. दोष दिसला होता. वर्दी वेळेवर कृतीत उतरली नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, तेव्हाही पुणेकरांना पुरेशी पूर्वसूचना मिळाली नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्यातच, मुखेड तालुक्यातील हसनाळ व रावणगाव ही गावे पुराने वेढली गेली.

बांधाची देखरेख हे सरकारचे काम, असे अनेकजण म्हणतात. ते खरेही आहे. तथापि प्रत्येक बांधावर अभियंता रात्रंदिवस उभा राहू शकत नाही. तेथून रोज जाणारा शेतकरी मात्र पाहू शकतो. भरावावर वाढलेली झुडपे, घुशींची बिळे, खचलेले दगडी अस्तर आणि सांडव्यातील अडथळा पावसाळ्यापूर्वीच दूर झाला पाहिजे. बांधाच्या पायथ्याशी स्वच्छ पाणी झिरपले तर त्यावर लक्ष ठेवावे. ते गढूळ झाले, तर भरावाची माती वाहून जात आहे असे समजून त्याच क्षणी वर्दी द्यावी.

वर्दी मोघम नसावी. ठिकाण, वेळ, काय दिसले व कोणी पाहिले, एवढे सांगून ती तलाठी, पोलीस पाटील आणि १०७७ या क्रमांकावर जिल्हा नियंत्रण कक्षास कळवावी. ग्रामपंचायतीने तिची नोंद वहीत ठेवावी. मिळालेल्या वर्दीवर काय केले, हे संबंधित कार्यालयानेही गावास लेखी कळविले पाहिजे. उत्तर न मिळाल्यास लोक वर्दी देणेच सोडतात.

वरून येणाऱ्या इशाऱ्याचेही तसेच आहे. तो मोबाईलवर उमटला म्हणजे गावास पोचला असे नव्हे. आखाड्यावर निजलेल्या सालगड्यास आणि ओढ्याकाठच्या शेवटच्या घरास कोणी उठवावयाचे, हे नावानिशी आधीच ठरलेले असावे. दवंडी, भोंगा व देवळातील घंटा यांचे मोल आजही कमी झालेले नाही.

पाणी अडविणाऱ्या गावाने पाण्यावर जागता पहाराही ठेवला पाहिजे.