प्रश्न निवडण्याचा अधिकार

आपल्या वसतिगृहात राहून शिकलेला मुलगा किंवा मुलगी अभियंता झाली, की गावात सत्कार होतो आणि तो व्हायलाच हवा. पिढ्यान्‌पिढ्या मजुरीवर जगलेल्या घरात येणारा पहिला नियमित पगार ही लहान गोष्ट नाही. परंतु अभियांत्रिकीची पदवी मिळाली म्हणजे शिक्षण संपले, असे आपण जे नकळत ठरवून टाकले आहे, त्याविषयी आम्हाला येथे थोडे परखडपणे लिहावयाचे आहे. आमचे स्पष्ट मत असे, की आपल्या मुलामुलींपैकी काहींनी तरी विद्युत अभियांत्रिकीतील डॉक्टरेटच्या संशोधनाकडे, विशेषतः नियंत्रण प्रणाली आणि संकेत प्रक्रिया या शाखांकडे वळले पाहिजे.

या शाखांची नावे अवघड असली तरी मूळ सूत्र सोपे आहे. टाकी भरत आली की तरंगता गोळा वर येतो आणि नळ आपोआप बंद होतो. परिणाम पाहून कृती सुधारत राहणे, हे नियंत्रणाचे तत्त्व. आपल्या विजेच्या जाळ्याची वारंवारता ५० हर्ट्‌झच्या आसपास राखण्याचे काम क्षणोक्षणी याच तत्त्वावर चालते. संकेत प्रक्रिया म्हणजे गोंगाटातून कामाची माहिती वेगळी काढणे. हृदयाच्या आलेखापासून मोबाइलवरील संभाषणापर्यंत सर्वत्र तिचा वापर होतो.

रुडॉल्फ काल्मान यांचे उदाहरण पाहावे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हंगेरी सोडून अमेरिकेत आलेल्या कुटुंबातील या तरुणाने १९५७ साली कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. बाबासाहेबांना पीएच.डी. देणारे विद्यापीठ ते हेच. १९६० साली काल्मान यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. यान कोठे असावे याचा गणिती अंदाज चुकू शकतो आणि उपकरणाने घेतलेले मापही चुकू शकते. म्हणून दोहोंना त्यांच्या विश्वासार्हतेच्या प्रमाणात वजन द्यावे आणि प्रत्येक नव्या मापासरशी आधीचा निष्कर्ष दुरुस्त करावा, असा त्याचा गाभा होता. विद्युत अभियंत्याचा हा निबंध छापला गेला तो यंत्र अभियंत्यांच्या नियतकालिकात. पुढे अपोलो यानांच्या मार्गनिर्धारणासाठी हीच पद्धत उपयोगात आली. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ती परकी वाटू नये. बखर, शिलालेख, सरकारी दप्तर आणि मौखिक परंपरा यांना सरसकट खरे न मानता प्रत्येकाची पारख करावी, नवा पुरावा हाती येताच निष्कर्ष बदलावा, हेच तर आम्ही वर्गात शिकवत आलो आहोत.

दुसरे उदाहरण करोनाच्या काळात घरोघरी पोहोचलेल्या ऑक्सिमीटरचे. जपानचे विद्युत अभियंता ताकुओ आओयागी कानाच्या पाळीतून प्रकाश पाठवून, हृदय किती रक्त बाहेर ढकलते हे मोजण्याच्या खटपटीत होते. नाडीच्या ठोक्यांमुळे त्या मापात सतत व्यत्यय येई. तो व्यत्यय पुसून टाकण्याचा मार्ग शोधताना त्यांच्या ध्यानात आले, की धमनीतील रक्तात प्राणवायू किती आहे हे त्या ठोक्यांतूनच कळू शकते. १९७४ साली त्यांनी ही कल्पना विद्वानांपुढे मांडली. गोंगाट म्हणून जे टाकून द्यावयाचे होते, तोच संकेत ठरला.

या कथेचा उत्तरार्ध मात्र अस्वस्थ करणारा आहे. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयातील नोंदींवर आधारित एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ऑक्सिमीटर ९२ ते ९६ टक्के असा दिलासा देणारा आकडा दाखवत असतानाही, ज्यांच्या धमनीतील प्राणवायूचे प्रमाण प्रत्यक्षात ८८ टक्क्यांहून कमी होते, अशा नोंदी गोऱ्या रुग्णांमध्ये ३.६ टक्के, तर कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये ११.७ टक्के आढळल्या. त्वचेतील रंगद्रव्य प्रकाश शोषते आणि उपकरणाची पारख ज्या स्वयंसेवकांवर होते त्यांत गडद त्वचेची माणसे कमी असतात, ही त्यामागची कारणे मानली जातात. यंत्राच्या मनात द्वेष नव्हता. ते घडवताना आणि तपासताना काही माणसे हिशेबातच धरली गेली नव्हती.

आमचा मुद्दा येथेच आहे. संशोधनात उत्तर शोधण्याइतकेच प्रश्न निवडणे महत्त्वाचे असते आणि जो प्रयोगशाळेत असतो तोच प्रश्न निवडतो. भूमिगत गटाराचे झाकण उघडण्यापूर्वी आतील विषारी वायूची खात्रीलायक सूचना देणारे, सहज परवडणारे आणि चिखलात टिकणारे उपकरण हा संकेत प्रक्रियेचा अस्सल प्रश्न आहे. माणसाऐवजी आत उतरणाऱ्या यंत्राचा हात अचूक चालवणे हा नियंत्रण प्रणालीचा प्रश्न आहे. ज्यांच्या आप्तांनी त्या गटारात जीव गमावला, त्यांना हे प्रश्न किरकोळ वाटणार नाहीत.

यावर कोणी म्हणेल, की संशोधन हे पोट भरलेल्यांचे काम. ही शंका आम्ही हसण्यावारी नेत नाही. ज्या घराला आजच पगार हवा आहे, तेथील मुलाने नोकरीच धरावी. त्यात कमीपणा नाही. परंतु वाट अगदी बंद आहे, हेही खरे नाही. चांगले गुण आणि ‘गेट’ परीक्षेतील यश असल्यास आयआयटीमध्ये बी.टेक.नंतर थेट पीएच.डी.ला प्रवेश मिळू शकतो. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीची रक्कम जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये झाली आहे. खरी अडचण हप्ता उशिरा येतो तेव्हाची, आणि घरी ‘अजून किती वर्षे शिकणार?’ असा प्रश्न दर सणाला विचारला जातो तेव्हाची.

या दोन्ही अडचणींवर आपल्याकडे उपाय आहे. स्थिरावलेल्या माजी विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन, हप्ता येईपर्यंत बिनव्याजी उसने देणारा छोटा निधी उभारावा. पालकांनी पाच वर्षांचा धीर धरावा. आणि आम्ही शिक्षकांनी आठवीपासूनच गणिताची भीती घालवून, ‘हे असे का?’ असे विचारणाऱ्या मुलाला गप्प बसवण्याची सवय सोडावी. नावामागे ‘डॉक्टर’ लागावे एवढ्यासाठी केलेल्या संशोधनाचे आम्हाला कौतुक नाही. आपल्या माणसांचा प्रश्न घेऊन प्रयोगशाळेत शिरणारा एक विद्यार्थी आम्हाला अधिक मोलाचा वाटतो. अभियंता झालेल्या आपल्या मुलामुलींच्या यादीशेजारी पुढील स्मरणिकेत संशोधकांचीही यादी छापली जावी, मग ती दोन नावांची का असेना.